लेकीच्या पांढऱ्या भिंतीसाठी

२ मार्च, सकाळ
या घरात सात कात्र्या आहेत आणि त्यांतली एकही माझी नाही. या अन्यायाची कुठेतरी नोंद राहावी म्हणून आजपासून रोजनिशी.
बायकोचा शिवणकामाचा व्यवसाय. त्यामुळे कापडाची मोठी, कापडाची धाकटी, काजांची, दोरे तोडायची, नागमोडी कापणारी आणि एक नुसतीच 'तिला हात लावायचा नाही' अशी, मिळून सहा कात्र्या तिच्या. सातवी स्वयंपाकघरातली, दुधाच्या पिशव्या कापायची. ती सार्वजनिक मालकीची. तिला धार नाही, फक्त जबडा आहे. मला ती मिळाली.
कात्री कशाला हवी, ते लिहितो. लेक नोकरीसाठी दुसऱ्या शहरात चालली आहे. चोवीस तारखेला. तिथल्या भाड्याच्या खोलीचा फोटो आला: पलंग, कपाट, आणि एक भलीमोठी पांढरी भिंत. ती भिंत बघून लेक म्हणाली, दवाखान्यात झोपल्यासारखं वाटेल. तेव्हाच ठरवलं. त्या भिंतीसाठी कोलाज करायचं. तिची तेवीस वर्षं, चार फूट बाय तीन फूट. फोटो, तिकिटं, कापडाचे तुकडे, बटणं, कागद. याला मिक्स्ड मीडिया म्हणतात.
कोलाज कसं करायचं याचा एक व्हिडिओ फोनवर लावला; त्यातल्या बाईंनी दहा मिनिटांत केलं. माझ्याकडे बावीस दिवस आहेत. मी गेली पंचवीस वर्षं एका साप्ताहिकात दर आठवड्याला हलकंफुलकं लिहितो. शब्द जुळवणाऱ्याला कागद जुळवणं काय अवघड?

३ मार्च
वेळापत्रक केलं. रोज सकाळी सहा ते आठ, कोलाज. रविवारी आत्मपरीक्षण.

४ मार्च, सव्वाआठ
आत्ताच उठलो. आजचा दिवस चिंतनाचा.

६ मार्च
लेकीचे अकरा फोटो घरच्या प्रिंटरवर छापले. कापले, चिकटवले, वरून गोंदाचा हात फिरवला. चकाकी यावी म्हणून. पाच मिनिटांत शाई पळाली आणि लेक अकराही वयांत निळी झाली.
व्हिडिओतल्या बाई म्हणतात की घरच्या प्रिंटरची शाई ओली झाली की फुटते, फोटो दुकानातून छापून आणावेत. पण हे त्या नवव्या मिनिटाला म्हणतात. मी चौथ्यालाच बंद केला होता. शहाण्याला शब्दाचा मार. अर्थात शब्द वेळेवर उच्चारले तर.
लेक डोकावून म्हणाली, बाबा, ही सगळी मी का बुडालेय? मी म्हटलं, ही इंप्रेशनिस्ट अवस्था आहे. ती बरं म्हणाली. शहाणी मुलगी आहे. कुणावर गेली, हे सांगायला नको.

९ मार्च, दुपार
बायको एका गिऱ्हाइकाकडे फिटिंगला गेली होती. मी फक्त बघायला म्हणून मोठी कात्री खुंटीवरून काढली. मग फक्त एक कागद कापून बघितला.
काय सांगावं! आजवर मी जे करत होतो ते कापणं नव्हतं, कुरतडणं होतं. दीड तास कागद आपणहून दुभंगत होता. एक संपूर्ण मासिक संपलं.
कात्री पुसून त्याच खुंटीवर, त्याच कोनात परत लावली. ब्रह्मदेवालाही कळणार नाही.

१० मार्च
ब्रह्मदेवाचं माहीत नाही. बायकोला दहा वाजून दहा मिनिटांनी कळलं.
कुणाचा तरी सॅटिनचा झगा होता. कात्री त्यात शिरली आणि चावत बसली. बायकोने पाती उजेडात धरली, त्यांवरून बोट फिरवलं, मग वळून माझ्या कोपराकडे बघितलं. तिथे गोंदाने चिकटलेला मासिकाचा तुकडा होता. म्हणाली, कागद कापलात. हा प्रश्न नव्हता.
मी मुद्दा मांडला की कापूस काय नि कागद काय, शेवटी दोन्ही झाडांचेच. ती म्हणाली, मग उद्यापासून सदरा म्हणून पेपर घालून जा. कापडाची कात्री कागदाला लावली की मेली, हे लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी तुम्हाला सांगितलं होतं. (सांगितलं असेल. त्या आठवड्यात लक्ष नव्हतं.)
शिक्षा: धारवाल्याकडे स्वतः जायचं आणि होईपर्यंत तिथेच उभं राहायचं. धारवाल्याने पातं बघूनच विचारलं, कागद? मी मान हलवली. घरात शिवणकाम आहे? मी पुन्हा मान हलवली. तो खऱ्या काळजीने म्हणाला, मग तुम्ही सध्या जेवता कुठे?

१३ मार्च
नशीब! कपाटावरच्या जुन्या सुटकेसमध्ये खाकी कागदांचा गठ्ठा सापडला. नाडीने बांधलेला. कागदावर पेन्सिलीच्या वक्र रेषा, तुटक रेषा, आकडे, बाण. अमूर्त कलेचा खजिना! लाकडात किडा कोरत जातो आणि चुकून अक्षर उमटतं, त्याला आपल्याकडे घुणाक्षर न्याय म्हणतात. हे तसंच. बायकोच्या धंद्यातली रद्दी आणि बघणाऱ्याला कला.
दुधाच्या कात्रीने त्यातून नऊ डोंगर कापले. एका लांब पट्टीची नदी केली. पार्श्वभूमी तयार. बायकोने मशीनवरूनच विचारलं, ती वरची सुटकेस खाली का आहे? म्हटलं, झुरळं बघत होतो. वेळ मारून नेली.

१५ मार्च
आज हृदयस्थान. अल्बममधून बाळाचा फोटो निवडला. टॉवेलात गुंडाळलेलं, टक्कल, बोळकं पसरून हसणारं. नाक थेट माझं. या नाकाबद्दल कोर्टात साक्ष देईन. दुकानातून मोठा करून आणला, बरोब्बर मध्ये लावला, भोवती सोनेरी बटणांची दोन कडी. या भागाचं नाव ठेवलं 'हिरण्यगर्भ'. डोळे भरून आले. गोंदाचाही वास होताच.
ठरवलं: हे झालं की थांबायचं नाही. बारा कोलाजांची मालिका. मग प्रदर्शन.

१७ मार्च
पुठ्ठा वाकला. चारही कोपरे वर आले आहेत. मध्ये बाळ असल्यामुळे पाळणा म्हणता येईल, पण भिंतीवर पाळणा टांगत नाहीत.
उपाय: संस्कृत कोशाचे तीन जाडजूड खंड वर ठेवले. विद्येचं वजन कधीतरी कामी यावंच.

१८ मार्च
दुसरा खंड चिकटला. सोडवताना मुखपृष्ठावरचं 'कोश' पुठ्ठ्यावर राहिलं आणि पुठ्ठ्यावरचा एक डोंगर कोशावर गेला. तडजोड मान्य केली.
फ्रेमवाल्याकडे गेलो. त्याने पुठ्ठा उलटा केला, कोरी पाठ बघितली आणि कानामागची पेन्सिल काढून तिने डोकं खाजवलं. म्हणाला, साहेब, पुढून एवढं थापलंत, मागे काहीच नाही. ओला कागद वाळताना ओढतो. एकाच बाजूने ओढलं की वाकणारच. मागेही तेवढंच लावा.
घरी मागे लावायला तेवढा कागद नव्हता. होती ती माझ्या सदराची कात्रणं, पंचवीस वर्षांची. कुणी ग्रंथ काढेल म्हणून जपलेली. मन घट्ट केलं.

२० मार्च
पुठ्ठा बराचसा सरळ! फ्रेमवाला म्हणाला, चला, तुमचं लिहिलेलं वाचून काहीतरी सरळ झालं. या माणसाला जास्त बोलू देता कामा नये.
उरलेला बाक मुद्दाम ठेवला आहे असं सांगायचं. उद्या अनावरण.

२१ मार्च, संध्याकाळ
अनावरण झालं.
पुठ्ठा सोफ्याला टेकवला होता, वर चादर. मी चार शब्द बोललो. (लेकीच्या मते चारशे.) चादर ओढली. दोघी पुढे वाकून बघू लागल्या. मला वाटलं, कृती भिडली.
मग लेक हसायला लागली. हसत हसत जमिनीवर बसली. म्हणाली, बाबा, ही मी नाहीये. ही ताई आहे!
ताई म्हणजे माझ्या थोरल्या भावाची मुलगी.
मी म्हटलं, नाक बघ. ती म्हणाली, नाक तुमच्या घराण्याचं आहे हो, सगळ्यांना वाटून दिलंय. बायकोने फोटो निरखला. म्हणाली, टॉवेल भाऊजींकडचा. आपल्या बाळाला जन्मतः कपाळापर्यंत जावळ होतं, नर्सा दुसऱ्या वॉर्डातून बघायला यायच्या. तुम्हाला आठवत नाही?
मी सांगितलं की हे बाळ व्यक्ती नाही, प्रतीक आहे. लेक म्हणाली, हो ना, गेल्याच महिन्यात प्रतीकाच्या लग्नात तुम्ही दोनदा जेवलात.
इथपर्यंत ठीक होतं. मग बायको पुढे झाली आणि एका डोंगरावर तिने बोट ठेवलं. बोट काठाकाठाने फिरलं. हळूच म्हणाली, ही बाही आहे.
मला कळलं नाही.
ही बाही आहे, अहो. तिसऱ्या वर्षाच्या फ्रॉकची.
तो गठ्ठा रद्दीचा नव्हता. लेकीचा प्रत्येक फ्रॉक बायकोने स्वतः बेतला आणि दर वर्षीचा मापाचा कागद जपून ठेवला. दुसऱ्या वर्षापासून बाराव्यापर्यंत. ते माप, ते बाण, ते आकडे म्हणजे लेकीची उंची होती. मी तिचे डोंगर केले, दुधाच्या कात्रीने.
बायकोचा राग मला चांगला माहीत आहे. त्याची मी तयारी केली. तो आला नाही. ती खाली बसली आणि एकेक डोंगर वाचू लागली. हा चौथ्या वर्षाचा, हा अंगातून काढायला तयारच नव्हतीस, झोपेत काढावा लागायचा. याचा घेर तीनदा उसवला. हा सहाव्याचा, शाळेच्या नाटकातला, तू झाड होतीस आणि एका फांदीला खिसा हवा म्हणून रडलीस. लेक म्हणाली, खिशात चिंचा होत्या. बायको म्हणाली, मला माहीत होतं. ती नदी गणवेशाचा पट्टा निघाली. दोघी हसत होत्या आणि एकाच ओढणीला डोळे पुसत होत्या.
मी गोंदाची बाटली धरून उभा होतो. झाडाचं नाटक मी बघितलं नव्हतं. त्या दिवशी सदर द्यायचं होतं. कशावर लिहिलं होतं तेही आठवत नाही. पुठ्ठ्याच्या मागे कुठेतरी असेल.

२२ मार्च
दुरुस्ती. पुतणीवर लेकीचा, जावळवाला, फोटो चिकटवला. पुतणीचा डावा कान बाहेर राहिला. लेक म्हणाली, राहू दे, ताईला फोटो पाठवते.
बायकोने प्रत्येक डोंगराला त्या त्या फ्रॉकच्या उरलेल्या कापडाची किनार लावली. चिंध्यासुद्धा तिने जपल्या होत्या, वर्षवार. लेकीने खिसेवाली फांदी जोडली. मी तीन आठवड्यांत केलं नाही ते दोघींनी एका सकाळीत केलं. मी पाणी आणलं, बोळे टाकले, एकदा चहा केला. माझं श्रेय 'संकल्पना' असं लिहावं, असं सुचवलं. बायको म्हणाली, 'कान' लिहू.
मध्येच तिने एक किनार कापायला मोठी कात्री माझ्या हातात दिली. कापड आहे, कागद नाही, असं दोनदा बजावून. मी श्वास रोखून कापलं. वाकडं गेलं. तिने ती किनार तशीच लावली. रागावण्यापेक्षा हे जास्त लागलं.

२३ मार्च
टॅक्सीवाला बघून गेला. चार बाय तीनचं काही गाडीत मावणार नाही. टपावर बांधता येईल, पण वाऱ्याने बटणं उडतील. ही माझी मोजमापातली चूक नाही. पांढऱ्या भिंतीच्या मानाने आकार अचूक होता. गाडी लहान आहे.
लेक म्हणाली, बाबा, इथेच राहू दे, माझ्या खोलीत. मी आले की बघेन. मग तिने फोनवर फोटो काढला. फोटोत बाक अजिबात दिसत नाही. एका दृष्टीने तीच उत्तम आवृत्ती.

२४ मार्च, दुपार
सकाळी दहाला गेली. दोन बॅगा, एक उशी. टॅक्सीच्या काचेतून ओरडून म्हणाली, ती बारा कोलाजांची मालिका विसरू नका. आम्ही दोघं हात हलवत उभे राहिलो.
आता तिच्या खोलीत भिंत गच्च भरलेली आहे आणि कुणी नाही. तिथे ती आहे आणि भिंत पांढरी आहे. नियोजन थोडं उलटं झालं.
बायको मशीनवर बसली आहे. चालवत नाही.

२४ मार्च, संध्याकाळ
पोचली की सातला फोन करणार आहे. माझ्या फोनवर, कारण आईच्या फोनचं चार्जिंग कधीच नसतं.
आता सव्वासहा झालेत. काय विचारायचं ते कागदावर काढत होतो. 'पोचलीस का' लिहिलं. 'जेवलीस का' लिहिलं. त्यापुढे काही सुचत नाही. पंचवीस वर्षं दर आठवड्याला हजार शब्द लिहिणारा माणूस मी.
ती बाहेरगावी असली आणि फोन आला की मी आजवर एकच वाक्य बोलत आलो आहे: थांब, आईला देतो. आजही तेच म्हणेन, अशी भीती वाटते.