झाडावर नसलेली खूण

प्रिय बाबा,

पत्र बघून दचकू नका, माझं ठीक आहे. म्हणजे जेवतो, झोपतो, कामावर जातो. आठवीतून पळालेला तुमचा भिंगऱ्या कागद घेऊन बसलाय म्हणजे सूर्य पश्चिमेला उगवला, असं आई म्हणाली असती.

मागे तुम्ही विचारलं होतं, दिवसभर खुर्चीत बसून नेमकं करतोस काय. तुमच्या नळाच्या भाषेत सांगतो. इथे माणसाचं बोलणं समजून घेणारी यंत्रं आहेत. एक वाक्याचे तुकडे पाडतं, दुसरं त्यातली माणसं-गावं ओळखतं, तिसरं दुसऱ्या भाषेत नेतं. पण प्रत्येक वेगळ्या कारखान्यातलं. एक 'माणूस' म्हणतं, दुसरं 'व्यक्ती', तिसऱ्याकडे नुसतंच 'सजीव'. आटे जुळत नाहीत, सांध्यातून गळतं. म्हणून मध्ये अर्थांचं एक झाड बांधलंय. साहेब त्याला ऑन्टॉलॉजी म्हणतात, आमच्या तोंडात झाडच बसलंय. प्रत्येक यंत्राचा शब्द त्याच्या फांदीवर टांगायचा, मग एकाचं दुसऱ्याला कळतं. आपली भाषा घरात बोलणारी माणसं हवी होती, म्हणून माझी वर्णी लागली. नेमकी फांदी सापडली नाही तर एक फांदी वर जायचं, हा आमचा नियम. 'आतेबहीण' नसेल तर 'नातेवाईक'. थोडं सांडतं, पण पाणी पोचतं.

तोच शहाणपणा मी तुम्हाला फोनवर शिकवला. आई दवाखान्यातून परत आलीच नाही, आणि चिऊ तेव्हा आत्याकडे. ऐकू न येणाऱ्या तुमच्या लेकीला सांगायचं कसं? तिची भाषा म्हणजे तिने आणि आईने घरात बसून केलेल्या खुणा. तुम्हाला त्यातल्या जेवण, पाणी, चल एवढ्याच येतात. मरणाची खूण आईने कधी शिकवली नाही. मी म्हणालो, वरची फांदी धरा, 'गेली' करा. तुम्ही केलीत आणि चिऊ हसली. हसणारच. तिच्या 'गेली'मध्ये परत येणं असतंच; बाजारात गेली, आत्याकडे गेली. आता ती रोज आईचं ताट झाकून दाराशी बसते. काल फोनवर तुम्ही रडलात. बाबा, तुम्हाला रडताना मी कधी ऐकलं नव्हतं.

रजा मागितली. साहेब वाईट नाहीत, पण माझे प्रवासाचे कागद करार संपेपर्यंत त्यांच्याच कपाटात. भांडलो, हात जोडले, पुन्हा भांडलो. मग जेवणाच्या सुट्टीत ते झाड शेंड्यापासून मुळापर्यंत चाळलं. 'मृत्यू' आहे तिथे, 'घटने'खाली, 'अपघाता'च्या शेजारी, सगळ्या यंत्रांना मान्य. पण कुठल्याच फांदीवर आमची चिऊ नाही. कुणाकुणाच्या यंत्रांची गाठ घालून देतो मी, आणि माझ्या घरातली दोन माणसं एका ताटाकडे बघत बसलीत.

मग बोका आठवला. तुम्हाला मांजर खपत नव्हतं, म्हणून आईने ही गोष्ट तुमच्यापासून लपवली. चिऊने मोरीमागे एक बोका पाळला होता. तो मेला तेव्हा आम्ही तिघांनी त्याला मागच्या भिंतीशी पुरलं, माती तिनेच लोटली. दुसऱ्या दिवशी मी मेल्याने थट्टा म्हणून दुधाची बशी तिच्यापुढे धरली. तिने डावा तळवा पालथा केला, उजव्याने त्यावर माती ओढल्यासारखं केलं आणि दोन्ही हात रिकामे करून दाखवले. ही खूण तिला कुणी दिलेली नाही, तिचीच आहे. रोज मोरीमागे त्याच्यासाठी बशी ठेवायची; त्यानंतर ठेवली नाही. कधीच नाही.

हे फोनवर दाखवलं असतं, पण फोन वाजला की ती तुमच्या खांद्यावरून पडद्यात डोकावते, आणि माझे हात तिला बरोबर वाचता येतात. तिला हे काचेतून कळू नये, म्हणून हा कागद. मला सुचलेला मार्ग एवढाच आहे, आणि तो मी तुमच्या गळ्यात घालतोय. आधी आईची खूण करा, हनुवटीवरच्या तिळाला बोट. मग बोक्याच्या वेळची, माती ओढून रिकाम्या हातांची. खूण चुकली तर थांबा आणि पुन्हा पहिल्यापासून करा. ती तुमचे हात घट्ट धरेल, पुढचं करू देणार नाही, तिचा तो आवाज काढून ओरडेल. हात सोडवून घेऊ नका. आणि ताट तुम्ही उचलू नका, बाबा. कितीही वेळ लागो, ते तिलाच उचलू द्या.

तुमचाच, इथे अडकून पडलेला
भिंगऱ्या