दोन ठोके

मंगळवार, ता. ९, दुपारचे दोन

चि. घड्याळबाईस मामीचे अनेक आशीर्वाद.

हो, वाजतं अजून. तू विचारलंस म्हणून सांगते, नाहीतर मी होऊन हा विषय काढला नसता. दुपारी भांडी आवरून खुर्चीत टेकले की स्वयंपाकघराच्या भिंतीतून येतात. दोनच. टक, टक. नळवाल्याला दोनदा बोलावलं. म्हणाला, मावशी, नळात काही दोष नाही, कानाच्या डॉक्टरला दाखवा. मी म्हटलं, बाबा, मला कानाला नाही, पायाला ऐकू येतं. तेव्हापासून मी जिन्यात दिसले की तो दोन-दोन पायऱ्या गाळून उतरतो.

बाकी मी ठणठणीत आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो सासरच्या माणसासारखा आहे, ऐकून घेतलं की गप्प बसतो. शेजारची शिवणवाली रोज येऊन विचारते, एकटं वाटतं का हो? मी सांगते, तू उठून गेलीस की कळेल. तरी येते बिचारी.

तुझं पत्र तीनदा वाचलं. तुम्ही शिकलेली माणसं इतकं बारीक का लिहिता? कागद संपेल म्हणून, की कुणी वाचेल म्हणून? अर्धं मला कळलं नाही, आणि जे कळलं ते कळलं नसतं तर बरं झालं असतं.

प्रबंध बांधायला घेताना तुला ती जुनी वही सापडली. त्यात तुझ्याच हातचं लिहिलेलं: ‘मामा दर नगाला पान्याने दोनदा ठोकतात. सवय. दोन सेकंद वाया. काढावे.’ ते वाचून तू तुझ्या सरांना सांगितलंस की मला हा प्रबंध द्यायचा नाही. सहा वर्षांचं काम. कारखान्यातली माणसं कशी काम करतात, कुठे अडतात, काय सुधारता येईल, ह्यासाठी तू किती शेडमध्ये उभी राहिलीस, मी पाहिलंय. आणि आता म्हणतेस, ‘मामी, माझ्या एका ओळीने मामांची बोटं गेली.’ सरांनी तुला शनिवारपर्यंत विचार करायला सांगितलंय. म्हणून हे पत्र मला उद्याच पेटीत टाकायला हवं. घाईत लिहितेय, शुद्धलेखन तपासत बसू नकोस.

तुला आठवतं ना, दीड महिना तू आमच्याकडे होतीस. मामांनी तुला स्वतःची उशी दिली आणि आपण टॉवेल गुंडाळून झोपले. सकाळी आपण तिघं कारखान्यात जायचो. डब्यांची झाकणं करायचा तो आमचा प्रेस, हत्तीएवढा. पुढे मी, पत्रा ठेवायचा आणि पायाने पेडल दाबून साचा खाली आणायचा. मागे ते, साच्यातून झाकण आणि कातरण हाताने काढायचं. मध्ये लोखंडाची भिंत. वीस वर्षं आम्ही एका मशीनवर काम केलं आणि कामाच्या वेळेत एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. लोक विचारायचे, तुमची भांडणं कशी होत नाहीत? मी सांगायचे, मध्ये प्रेस आहे म्हणून.

आणि तू तिथे गळ्यात घड्याळ अडकवून उभी. मी पदर सारखा केला तरी लिहायचीस. नाक खाजवायचं तरी मला भीती, की प्रबंधात जाईल.

एकदा तू मागे जाऊन त्यांचं काम पाहिलंस, आणि पुढे येऊन मला विचारलंस, मामी, मामा दर वेळी लोखंडावर पाना का ठोकतात?

मी काय म्हणाले ते तुझ्या वहीत नाही. फोरमन होता, मॅनेजर होते, शेजारच्या प्रेसवरची जाडी होती. सगळे बघत होते. मी म्हटलं, “अगं, त्यांना डोळा मारता येत नाही, म्हणून ठोकतात.”

काय हसले सगळे. मॅनेजर तर चष्मा काढून डोळे पुसायला लागले. तूही हसलीस आणि लिहिलंस, सवय.

ती सवय नव्हती. दोन ठोके म्हणजे, माझा हात बाहेर आहे, दाब. त्या गोंगाटात कुणाला काही ऐकू जायचं नाही आणि त्यांना तर नंतर नंतर घरातही कमीच यायचं. ठोका लोखंडातून यायचा, पेडलमधून, माझ्या तळपायाला. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी आम्ही दोघांनी मिळून ठरवलं होतं. फोरमनलाही माहीत नव्हतं. तुला तर कुठून कळणार? तू विचारलं होतंस. माहीत होतं ते मला.

पुढे तुझा कागद भिंतीवर लागला. तेरा सेकंदांचं काम अकरा सेकंदात, दर अकरा सेकंदांनी हिरवा दिवा, दिवा लागला की पेडल. दिवसाला साडेतीनशे झाकणं जास्त. मॅनेजरांनी सगळ्यांसमोर तुझी पाठ थोपटली. मी तेव्हा बोलायला हवं होतं. पण मला हशा मिळाला होता गं. तो परत कसा करायचा? शिकलेल्या माणसांत चौथी पास बाईला एकदाच असा हशा मिळतो.

झालं, सांगितलं. चूक माझ्या मस्करीची होती, तुझ्या ओळीची नाही. प्रबंध देऊन टाक. आणि त्यात माझ्यातर्फे एक वाक्य घाल: हसत दिलेलं उत्तर लिहून घेऊ नये, दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारावं.

चहा उकळून सांडतोय. थांबते.

गुरुवार, सकाळ

पत्र काल टाकलं नाही. पेटीपर्यंत गेले, पाकीट अर्धं आत घातलं आणि परत ओढून काढलं. पोस्टमन बघत होता. त्याला म्हटलं, पत्ता लिहायचा राहिला. पत्ता तर ह्या एवढ्या मोठ्या अक्षरात होता.

घरी येऊन खुर्चीत बसले आणि ठोके आले. सकाळी कधी येत नाहीत. माझा उजवा पाय आपोआप खाली दाबला गेला. आता मी तो मांडीखाली दुमडून बसते. तिथेही हलतो.

तू पत्रात विचारलंयस, मामांनी मला माफ केलं होतं का. तुझ्यावर ते कधी रागावलेच नव्हते, माफ काय करणार? बोटं गेली त्यानंतर दोन वर्षं होते. डाव्या हाताने जेवायला शिकले, डाव्या हाताने सही शिकले, तुझ्या नावाचं पाकीट डाव्या हाताने लिहायचे. त्या दिवसाबद्दल एक अक्षर नाही. फक्त दवाखान्यात, शुद्धीवर आल्या आल्या, हाताला हे एवढं बँडेज, आणि मला विचारलं, “तुझ्या पायाला काही झालं नाही ना?”

मस्करी करायचा स्वभावच नव्हता त्यांचा. असता तर मी हसून सोडून दिलं असतं. टोमणा असता तर भांडले असते. खरोखरच विचारलं होतं त्यांनी.

माझ्या दाराशी दोनच माणसं येतात, शिवणवाली आणि तुझं पत्र घेऊन पोस्टमन. तू पुढचं वाचल्यावर पोस्टमन येईल की नाही ते माहीत नाही. पण शनिवार परवावर आलाय. आणि मंगळवारी मी लिहिलं ते पुन्हा वाचलं, तर त्यातही मी मस्करीच्या मागे लपले आहे असं मला दिसलं. मस्करी केली, ही कबुली सोपी आहे. लोक म्हणतील, बाईचा स्वभावच विनोदी.

मग ऐक. तुझा कागद लागला, दिवा लागला, तू आपल्या गावी परत गेलीस. तरी मामा ठोकतच होते. सोळा दिवस. दिवा हिरवा झाला तरी मी पाय दाबत नव्हते, ठोक्याची वाट बघायचे. आम्ही दोघं तुझा कागद मानतच नव्हतो, समजलं? तुझ्या ओळीने काहीही बदललं नव्हतं.

फक्त फळ्यावर आमचा प्रेस शेवटचा यायचा. रोज संध्याकाळी फोरमन खडूने आकडे लिहायचा. वीस वर्षं पहिला असलेला प्रेस शेवटचा. जाडी येता-जाता विचारायची, काय गं, नवरा अजून डोळे मारतो का? माझाच विनोद मलाच परत. झोंबायचं फार.

सोळाव्या दिवशी चहाच्या सुट्टीत मी सगळ्यांदेखत त्यांना म्हणाले, “आता ठोकलंत तर मी पेडलवर पाय ठेवणार नाही. भाचीच्या अभ्यासाला मामानेच खोडा घालायचा का?” त्यांना नीट ऐकू आलं नाही, तर पुन्हा म्हणाले, मोठ्याने. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि पाना खिशात टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला कातरण अडकलं. दिवा हिरवा झाला. ठोका आला नव्हता. येणार नव्हता, मीच बंद केला होता.

दवाखान्यात त्यांच्या कपड्यांची पिशवी दिली तेव्हा पाना पँटच्या खिशातच होता, वरून बटण लावलेलं. अजून तसाच ठेवलाय.

तू लिहिलीस ती नुसती वहीतली ओळ होती. ठोकू नका, असं त्यांना मी सांगितलं, फळ्यावर पहिलं यायचं होतं म्हणून.

तुझी मामी