सोवळ्यातला चहा

तीर्थरूप दत्तप्रसाददादा यांस,

डिचोलीहून तुमचा आतेभाऊ शिवदास याचा नमस्कार. (साष्टांग लिहिणार होतो, पण मी साष्टांग घातला हे तुमच्या देवस्थान समितीला कळले, तर तुमचे नाही, माझेच नाव खराब होईल.) फोंड्याला सगळी मंडळी खुशाल असतील. वहिनींचा गुडघा कसा आहे? माझे पत्र आले की तुमचा रक्तदाब वाढतो, असे त्यांनी मागे फोनवर सांगितले होते. तेव्हा हे पत्र बसून वाचावे आणि सकाळची गोळी घेतल्यावर वाचावे. माझी प्रकृती खडखडीत आहे. आवाजही शाबूत आहे, आणि सगळा घोटाळा त्या आवाजानेच केला आहे.

आपल्या प्रभाताईची मुलगी सुविधा वेर्ण्याच्या औषध कारखान्यातली नोकरी सोडून पेडण्याला चहाची कंपनी काढून बसली, हे तुमच्या कानावर आलेच असेल. कंपनी म्हणजे ती स्वतः, घरामागची खोली, एक वजनकाटा आणि डबे बंद करायचे एक यंत्र (त्या यंत्राशी ती जेवढ्या गोडीने बोलते तेवढ्या गोडीने माझ्याशी कधी बोललेली नाही). आसामातल्या एका लहान बागायतदाराकडून ती थेट चहा मागवते. मध्ये दलाल नाही, रंग नाही, भेसळ नाही. मला तिने पहिला डबा दिला तेव्हा मी तो आपल्या घरच्या रीतीने केला, म्हणजे दूध, आले, साखर घालून भांडे काळवंडेपर्यंत उकळला. तेवढ्यात ती आली. भांड्यात डोकावली आणि ओळखीच्या माणसाचे प्रेत पाहावे तसा चेहरा करून बाहेर पायरीवर जाऊन बसली. मग तिने स्वतः करून दाखवला. उकळते पाणी पानांवर ओतायचे, झाकायचे आणि गप्प बसायचे. (गप्प बसणे हा त्या कृतीतला माझ्यासाठी सर्वांत कठीण भाग.) दादा, खोटे कशाला बोलू, मधासारखा रंग, पहिल्या घोटाला काही कळत नाही, आणि घोट गेल्यावर तोंडात मागून एक गोडवा येतो, न मागितलेला. एकच उणीव. त्यात उंडो, म्हणजे आपला कडक पाव, बुडवला की चहा संपतो आणि फक्त उंडो उरतो.

कंपनीच्या उद्घाटनाला मी बोललो. स्तुतीपर बोललो. चीनच्या बादशहांपासून सुरुवात केली, मळ्यांवरच्या मजुरांच्या हालअपेष्टा सांगितल्या, गोऱ्या साहेबाची लूट सांगितली आणि शेवटी आपल्या पोरीच्या धाडसावर आलो. टाळ्या पडल्या. लोक दोनदोन कोप चहा फुकट प्याले आणि जाताना समोरच्या दुकानातून नेहमीची पूड विकत घेऊन गेले. एक डबाही खपला नाही. इकडे मालाच्या पेट्या खोलीभर, आणि पावसाळा दारात. जून लागला की आपल्याकडे बरणीतल्या मिठाचे पाणी होते, तिथे चहाची काय कथा? पेट्या सादळल्या की कंपनी बुडाली आणि सुविधा पुन्हा वेर्ण्याच्या बसमध्ये. प्रभाताई तर त्या बसची वाटच पाहते आहे.

आता मुख्य प्रकरण. गेल्या महिन्यात पेडण्याच्या एका वाचनालयाच्या वर्धापनदिनाला मला प्रमुख वक्ता म्हणून बोलावले. विषय होता ‘वाचन आणि विवेक’. (हा विषय मी कुठूनही सुरू करून कुठेही नेऊ शकतो, तुम्हाला अनुभव आहे.) टेबलावर पाहुण्यांना द्यायचे, मी आधी न पाहिलेल्या नव्या छपाईचे कोरे डबे मांडले होते. मी बोलता बोलता एक डबा उचलला आणि त्यावर भल्यामोठ्या अक्षरांत वाचले, ‘ऑर्थोडॉक्स’. खाली आणखी काही बारीक लिहिले होते, पण चष्मा माझ्या पिशवीत आणि पिशवी प्रभाताईच्या मांडीवर, शेवटच्या रांगेत.

दादा, माझा काय दोष? मी आयुष्यभर सोवळ्याओवळ्याविरुद्ध बोललो. देवळाच्या पायरीवर बोललो, बसस्टँडवर बोललो, तुमच्या थोरल्याच्या मुंजीत जेवणावळ थांबवून बोललो. आणि आता माझ्या हातात चहाचा डबा, त्यावर निर्लज्जपणे छापलेले, ‘ऑर्थोडॉक्स’, म्हणजे ‘सनातनी’! माझे रक्त तापले. मी डबा उंच धरला आणि म्हणालो की, पाण्याचा विटाळ मानणाऱ्यांनी आता चहालाही सोवळे नेसवले आहे. उद्या किटलीची मुंज लावतील आणि बशीला विटाळ पाळायला लावतील. ज्या कोणा महाभागाने हा धंदा मांडला असेल त्याने तो आपल्या देवघरात नेऊन ठेवावा. सगळी डोकी एकदम हलली. मला वाटले, प्रभाव पडला. खरे तर सगळे मान वळवून मागे पाहत होते. तिथे दाराजवळ सुविधा गरम पाण्याचा थर्मास घेऊन उभी होती. डबे तिचे. त्या दिवशीचा चहाही तिने फुकट दिलेला.

रात्री प्रभाताईकडेच मुक्काम होता; तिथे काय झाले ते थोडक्यात सांगतो, कारण प्रभाताईने थोडक्यात सांगितले नाही. ‘तुका कोणें विचारिल्लें रे? पुस्तकां वाचून वाचून दोळे गेले, आतां जीब तरी जाऊं दी!’ इथपासून तिने सुरुवात केली. सुविधा मात्र एवढेच म्हणाली, ‘मामा, ऑर्थोडॉक्स म्हणजे पान अख्खं ठेवून, वळून, सुकवलेला चहा. जुनी पद्धत. बाकीचा चहा यंत्रात चिरडून त्याचे दाणे करतात. एवढंच.’ आणि खोलीत जाऊन पेट्यांवर मेणकापड घालू लागली. मी जगातल्या क्रांत्या वाचल्या, पण चहाच्या डब्यावरचा एक शब्द वाचला नाही. रात्रीचे जेवण मला गेले नाही. (फक्त सोलकढी घेतली. आणि थोडा भात.)

पण दुसऱ्या दिवशी सकाळी काय आक्रीत! दारात बायका. ‘बाय, तें सोवळ्याचें पाकीट हांगाच मेळटा मगो?’ एकीला एकादशीला हवे, एकीला सासूला हवे, एकीच्या घरी श्रावणात कडक असते म्हणून आताच भरून ठेवायचे. बाजारात पूजेचे सामान विकणारे बाबुराव शेट स्वतः रिक्षा घेऊन आले आणि कापूर-अगरबत्तीच्या शेजारी ठेवायला पेटीभर डबे घेऊन गेले. सुविधाने प्रत्येकाला खरे सांगितले, तिने कुणाला फसवले नाही. पण लोक मान हलवायचे, डोळा मिचकावायचे आणि म्हणायचे, ‘आमकां कळटा. शिवदासमास्तर उगीच इतलो तापना.’ निम्मी खोली रिकामी झाली.

आता तुम्ही विचाराल, मग बिघडले कुठे? बिघडले माझ्या सदसद्विवेकबुद्धीत. माझ्यामुळे एका गावात एक नवी अंधश्रद्धा जन्मली! मला झोप येईना. शेवटी शुक्रवारी मी पेडण्याच्या बाजारात एका फळीवर उभा राहिलो आणि जाहीर दुरुस्ती केली. हा चहा सोवळ्यातला नाही, तो कोणत्याही जातीच्या, कोणत्याही धर्माच्या माणसाने केव्हाही प्यावा, अत्यंत उत्कृष्ट चहा आहे, मी स्वतः पितो. सुंदर भाषण झाले. तुम्ही हवे होता. त्याच संध्याकाळी बाबुराव शेट उरलेले डबे घेऊन परत आले. म्हणाले, ‘मास्तर पिता म्हणल्यार आमच्या गिरायकांक तो कसो चलतलो?’

तेव्हापासून एक डबा खपलेला नाही. सुविधाने मला समोर बसवले, चहा दिला आणि शांतपणे म्हणाली, ‘मामा, तुम्ही स्तुती केली की माल पडून राहतो. तुम्ही शिव्या दिल्या की पेट्या रिकाम्या होतात. इतकी वर्षं तुम्ही लोकांना जे जे करू नका म्हणालात, ते ते लोकांनी जोरात केलं. हे तुमच्या लक्षात नाही आलं?’ दादा, मी या पोरीला अक्षरे शिकवली. मला उत्तर सुचले नाही. मला उत्तर सुचले नाही, हे वाक्य मी आजवर कधी लिहिले नव्हते, म्हणून दोनदा लिहिले.

असो. इकडे सर्व ठीक. आंबा यंदा बरा आहे. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
शिवदास

ता. क. पत्र लिहिण्याचे कारण राहिलेच. तुमच्या देवस्थानच्या सभागृहात पावसाआधी माझे एक भाषण ठेवता येईल का? विषय ‘चहाला सोवळे कशाला?’ मी खोटे अवाक्षर बोलणार नाही. हा चहा देवाला चालतो, उपासाला चालतो, असे कृपा करून कोणी समजू नये, एवढेच घसा फोडून सांगेन. पुढचे काम फोंड्याचे भाविक करतील. सुविधा दाराशी डबे घेऊन उभी राहील आणि विचारणाऱ्याला खरे तेच सांगेल. अध्यक्षस्थानी तुम्ही बसा आणि शेवटी मला नेहमीप्रमाणे झाडा, म्हणजे परिणाम पक्का होईल.

ता. क. २. पत्र बंद करण्याआधी सुविधा इथे आली आणि तिने वरचा मजकूर वाचला. कपाळाला हात लावून म्हणाली, ‘मामा, तुम्ही दत्तमामांना विनंती केलीत? मग झालंच!’ मुद्दा बरोबर आहे. तेव्हा विनंती मागे घेतो. दादा, माझे भाषण तुमच्या पवित्र सभागृहात मुळीच ठेवू नका. माझा ठाम, तात्त्विक आणि जाहीर विरोध आहे. येत्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता तर अजिबात ठेवू नका. आणि ध्वनिक्षेपक चांगला असेल, तर मी त्याचा विशेष निषेध करतो.