दानम्माचा नवा खुबा

अहो,

तुमी दुकानातनं येईस्तोवर मी शिवमूर्तीदादासंगं मिरजेच्या दवाखान्यात पोचलेली असीन. खुब्याचा झिजलेला सांधा काढून डॉक्टर धातूचा बसवणार हाईत. मग काठीबिगर चालता येतंय, फकस्त जमिनीवर मांडी घालायची न्हाय.

मांडी न घालता लिंगपूजा कशी करणार, म्हणून तुमी अडून बसला. मी मठात जाऊन स्वामींनाच इचारलं की! खुर्चीत बसून केली तरी चालती म्हणाले.

भाकरी टोपल्यात हाईत. आमटी तेवढी गरम करून घ्या, रागानं उपाशी झोपू नका.

आन् सुताराला खुर्ची सांगा. एक न्हवं, दोन सांगा. तुमी खाली पाटावर आन् मी वर. जन्मभर तुमच्या टकलाकडं बघत जेवू व्हय?

दानम्मा