कपाटापुढे बसलेला हवालदार

४ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आशीर्वाद.

फोनवर तू नुसता ‘हं, हं’ करतोस आणि माझं बोलणं अर्धं असतानाच तुला काम आठवतं, म्हणून हे पत्र. आता वाचल्याशिवाय सुटका नाही.

आई जेवते थोडंफार. बाबांना जाऊन उद्या दोन महिने होतील, तरी त्यांचा चष्मा टेबलावरून कोणाला उचलू देत नाही. पण खरी काळजी हवालदाराची आहे. पिल्लू असताना आल्यागेल्याची पिशवी हुंगल्याशिवाय कोणाला आत सोडायचा नाही, म्हणून बाबांनी त्याचं नाव हवालदार ठेवलं. मग त्या वासाच्या वर्गाचं खूळ निघालं. लवंगेच्या तेलाचा कापूस भोकं पाडलेल्या डबीत घालायचा, डबी लपवायची आणि कुत्र्याने ती शोधून तिच्यापुढे बसायचं. बसला की एक बिस्किट आणि ‘शाब्बास’. तू त्या वर्गाला एकदाच आलास आणि जांभया देत बसलास. बाबा मात्र दर रविवारी हरखून जायचे. निवृत्तीनंतर इतकं खूश मी त्यांना दुसऱ्या कशात पाहिलं नाही.

आता हवालदार दिवसभर बाबांच्या खोलीत त्या लोखंडी कपाटापुढे बसतो. मान ताठ, नाक वर. मग वळून आपल्याकडे बघतो. बाबा तिथेच स्टुलावरून पडले ना! मला बघवत नाही. मी त्याला पोटाशी धरते, त्याच्याशी बोलते, ओढत बाहेर आणते. पाच मिनिटांत पुन्हा तिथेच. आईचा संताप होतो. ती म्हणते, कपाटावरची बॅग काढायला ते चढले आणि यानेच पायात येऊन त्यांना पाडलं, आता शोक कसला करतोय. तिला तो घरात नकोच आहे.

माझ्याकडे आणावं तर तुझ्या भावोजींचा दमा. तू ठेवशील का? नाहीतर लाकडाच्या वखारीचा रखवालदार न्यायला तयार आहे, पण तो साखळीला बांधून ठेवणार. लवकर कळव.

माया आहेच, पत्राचं उत्तर मात्र हवं.
तुझी ताई

९ मार्च

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. अक्षर अजून शाळेतल्यासारखंच सुबक आहे, आणि रागावणंही.

हवालदाराला इथे आणणं जमणार नाही गं. खोली ती केवढी! घरमालकीण मलाच कशीबशी सहन करते. छापखान्यात सध्या दोन पाळ्या चालू आहेत, दिवसभर त्याच्याकडे बघणार कोण? वखारीत निदान मोकळी हवा मिळेल.

आईला दोष देऊ नकोस. माणसाला राग कुठेतरी काढावा लागतो. कुत्रा समोर नसला की हळूहळू तिचं मनही शांत होईल. त्या दिवसाबद्दल तिला फार खोदून विचारू नकोस एवढंच सांगतो. झालं ते झालं.

भावोजींना नमस्कार. तुझा लोभ मला नेहमीच लागतो, तो आटू देऊ नकोस.
तुझा धाकटा

२७ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आशीर्वाद.

हवालदाराला वखारीत पाठवून पंधरा दिवस झाले. जाताना त्याने पायऱ्यांवर बसकण मारली होती. त्याबद्दल मला लिहायचं नव्हतं, पण काल जे झालं ते लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही.

बाबांच्या खोलीला रंग द्यायला माणसं आली. त्यांनी कपाट पुढे ओढलं तर पाठीमागे, अगदी वरच्या कडेला, चुंबकाने चिकटवलेली डबी निघाली. झाकणाला भोकं, आत कापूस. लवंगेचा वास अजून येत होता.

ती घेऊन वासाचा वर्ग घेणाऱ्या बाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, डबी लपवताना कुत्र्याला दुसऱ्या खोलीत कोंडायचं, हा पहिला नियम. तुमचे वडील तर कडी लावून वर दार ओढून बघायचे. म्हणजे बाबा पडले तेव्हा हवालदार त्या खोलीत नव्हताच. तो पायात आलाच नाही, रे. आणि नंतर दोन महिने तो शोकबिक काही करत नव्हता. सापडली, इथे आहे, एवढंच सांगत होता. आणि त्याला बिस्किट द्यायचं सोडून मी त्याच्या गळ्यात पडून रडत होते!

संध्याकाळी डबी घेऊन वखारीत गेले. फळ्यांच्या ढिगामागे पडला होता. मला बघून शेपूट हलवली. डबी जमिनीवर ठेवली तर त्याने हुंगली आणि तोंड फिरवलं. बसला नाही. बाई म्हणतात, बरोबर असूनही दर वेळी ओढून नेलं की कुत्रा समजतो आपलंच चुकतंय, मग तो शोधायचं सोडतो. मी खिशातलं बिस्किट त्याला तसंच दिलं. त्याने खाल्लं नाही.

आईला डबी दाखवली. तिने हात लावला नाही. कुत्रा या घरात येणार नाही, एवढं म्हणून आत गेली. तिला काय झालंय तेच कळत नाही.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. बाई म्हणाल्या, बाबा हवालदाराकडून वर्गाच्या पुढच्या परीक्षेची तयारी करून घेत होते, आणि त्या सरावाला डबी दुसऱ्या कोणीतरी लपवायची असते. जागा मालकाला ठाऊक असली की कुत्रा त्याच्या चेहऱ्यावरून ओळखतो. मग बाबा स्वतः का चढले? तुला काही माहीत आहे का?

तुझी ताई

२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

माहीत आहे. डबी लपवायला मी येणार होतो.

बाबांनी आठवडाभर आधी सांगितलं होतं. रविवारी सकाळच्या बसने ये, तू उंच आहेस, तुला स्टूल लागणार नाही. मी हो म्हटलं. त्या दिवशी गजर झाला, मी तो बंद केला आणि कूस बदलली. दहाला त्यांचा फोन आला, तेव्हा छापखान्यात बोलावलंय असं खोटं सांगितलं. ते म्हणाले, असू दे, कामं आधी. साडेअकराला तुझा फोन आला.

कुत्र्याचं नाव निघालं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. इतका मी हलकट आहे. वखारीची हवा मोकळी असते, असंही मीच लिहिलं.

यात आईसाठी वेगळी चिठ्ठी आहे, तीत हे सगळं लिहिलंय. तिने माझं तोंड बघितलं नाही तरी चालेल, पण हवालदाराला घरी आणा. तू रागाव, पण पत्र बंद करू नकोस.

तुझा धाकटा

८ एप्रिल

चि. बाळास,
आशीर्वाद.

तुझी चिठ्ठी मीच वाचली, दोनदा. तू झोपून राहिलास हे मला त्याच दिवशी कळलं होतं. तुझ्या बाबांनाही कळलं होतं. फोन ठेवून ते हसले आणि म्हणाले, लबाड आहे, झोपेतला आवाज लपत नाही. तुझ्यावर ते रागावले नव्हते, एवढं मनात पक्कं धर.

पुढचं मी कोणाला सांगितलेलं नाही. त्यांनी मला दोनदा हाक मारली, स्टूल हलतंय, जरा धर गं. मी स्वयंपाकघरात दूध तापवत होते. गॅस बंद करून जाता आलं असतं. मी म्हटलं, तुमच्या खेळाला मी रिकामी बसलेली नाही. मग पडल्याचा आवाज आला.

हवालदार न्हाणीघरात कोंडलेला होता, दार ओरबाडत होता. मी आधी त्याचं दार उघडलं. का, ते मला आजही सांगता येत नाही. शेजारचे धावत आले तेव्हा तो तुझ्या बाबांच्या छातीवर नाक ठेवून उभा होता. कोणीतरी म्हणालं, कुत्रा पायात आला वाटतं. मी हो म्हटलं. बॅग काढायला चढले होते, हेही मीच जोडलं. एकदा हो म्हटल्यावर मागे फिरता येईना. तो कपाटापुढे बसून माझ्याकडे बघायचा, तेव्हा वाटायचं, याला सगळं माहीत आहे.

ताईला मी स्वतः सांगेन. आधी त्याला घरी आणायचं आहे. वखारीत एकटीने जायची माझी छाती होत नाही.

रविवारी सकाळच्या बसने ये. या खेपेला झोपून राहू नकोस.

तुझी
आई