साडेसात एचपीचा पंप

बुधवार, ९ एप्रिल

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. इकडे सगळं ठीक. तुम्हा दोघांची खुशाली तुझ्या चिठ्ठीत नव्हती, पण अक्षर नेहमीसारखं कागद फाडणारं आहे, तेव्हा तब्येत उत्तम असं धरतो. भाऊजींचं शब्दकोडं सुटलं का?

माझे हात ग्रीसने माखलेले होते, म्हणून तुझी चिठ्ठी मिस्त्रीने भर दुकानात मोठ्याने वाचली. "सकाळी दहालाच विहिरीचं पाणी संपतं. रोपं माना टाकायला लागली. सोमवारी सातला मशीनवाला येतोय, विहिरीच्या तळात बोअर मारणार आहे. नंतर कुठला पंप घालू, पाचचा की साडेसातचा? लिहून कळव. फोनवर तू गोड बोलून काहीतरी विकतोस." गिऱ्हाईकं हसली. एकाने तर मान डोलावली.

तर लिहून कळवतो: दोन्ही नकोत. आहे तो तीनचाच राहू दे.

पंप घ्यायला आलेला माणूस आधी विचारतो, कितीचा घेऊ? जणू चपलेचा नंबर. मी उलटं विचारतो. विहिरीत तासाला पाणी येतं किती? मग, ते चढवायचं किती उंच? आणि उंची जमिनीपासून नाही धरायची. पंप चालू असताना पाणी जिथवर उतरतं, तिथपासून टाकीच्या तोंडापर्यंत धरायची. आणि सगळ्यात शेवटी, तुम्हाला हवं किती? लोक या शेवटच्यापासून सुरू करतात आणि पहिल्यापर्यंत पोचतच नाहीत. पंप पाणी आणत नाही, ताई. असलेलं वर पोचवतो. येणाऱ्या पाण्यापेक्षा ओढणारा पंप मोठा घातला की तो बघता बघता तळ गाठतो, हवा ओढायला लागतो, आणि पाण्यामुळेच गार राहणारी मोटर कोरडी पडून जळते. मग तू चारचौघांत सांगणार, भावाने जळका माल दिला.

काल मिस्त्रीने तुझ्या कठड्यावरून फोन आत धरून मला तुझा पंप ऐकवला. दहाला पाच कमी असताना आवाज पातळ झाला, पेल्यातलं सरबत संपताना नळीचा होतो तसा. पंपात खोट नाही. त्याला ओढायला काही उरत नाही, एवढंच.

एक काम कर. दोरीला हात-हात अंतरावर गाठी मार, टोकाला वजन बांध. पंप बंद केल्याबरोबर पाणी कितव्या गाठीला आहे ते बघ, तासाने परत बघ. असं दोन-तीन दिवस लिहून ठेव.

आणि मशीनवाल्याला नको म्हण. तुझ्या तळाखाली दोन-तीन फुटांवर चिकणमातीचा थर आहे. तुझं पाणी त्या थरावर साठलेलं आहे. त्याला भोक पडलं की सगळं खालच्या कोरड्या वाळूत उतरेल, आणि ते परत वर आणणारा पंप अजून कुणी बनवलेला नाही.

विहीर जरा दमली असेल. होतं असं. उन्हाळा उतरला की बघू.

तुझा,
धाकटा

शनिवार, १२ एप्रिल, सकाळी साडेदहा

ती. ताईस,

तुझं उत्तर आत्ता मिळालं. या वेळी मिस्त्रीला वाचू दिलं नाही.

तू लिहितेस: "बुधवारी तासाला एक हात. गुरुवारी तासाला तीन हात, टाकी भरूनही पाणी उरलं. शुक्रवारी पुन्हा एक हात. गुरुवारी वरच्या बर्फाच्या कारखान्याला सुट्टी असते. दमलेली विहीर आठवड्यातून एकदा, नेमकी गुरुवारी विश्रांती घेते का? आणि माझ्या तळाखाली चिकणमाती आहे हे तुला कुणी सांगितलं? माझी विहीर खणली तेव्हा तू शाळेत होतास. चार पानं लिहिलीस आणि त्यात उत्तर नाही. सोमवारी मशीन येणार." खाली भाऊजींनी पेन्सिलीने जोडलंय: "सरळ सांग रे बाबा. ही जेवत नाहीये."

तीन दिवसांत तू जे दोरीने शोधलंस, ते शोधायला लोक मला बोलावतात.

चिकणमाती मी डोळ्यांनी पाहिली. बर्फवाल्यांचं बोअर मारताना मी तिथेच उभा होतो. पासष्ट फुटांवर पिवळी, चिकट माती वर यायला लागली आणि मी मशीन थांबवायला लावलं. तुझं अंगण त्यांच्यापेक्षा वीस फूट खाली. बेचाळीस फुटांची तुझी विहीर त्याच थराच्या डोक्यावर बसलेली आहे. त्यांचं बोअर आणि तुझी विहीर एकाच झऱ्याचं पाणी पितात. तिथला पंप माझ्याच दुकानातून गेला, हे तुला ठाऊक आहे. तो साडेसातचा आहे, हे बहुतेक नसेल.

पण तो मी अंदाजाने दिला नाही. दोन दिवस बोअरमध्ये चाचणीचा पंप सोडून, दोनशे लिटरचं पिंप किती सेकंदांत भरतं ते घड्याळ लावून मोजलं. दर अर्ध्या तासाला दोरी सोडली. पाणी एका जागी येऊन थांबलं आणि तिथून हललं नाही. साडेसातचा चालेल असंच बोअर सांगत होतं. कुणीही मोजलं असतं तरी हेच निघालं असतं.

वरचा परिच्छेद लिहून मी उठलो, गल्ल्यापर्यंत गेलो, परत आलो. त्यातलं एकही अक्षर खोटं नाही, म्हणून खोडत नाही. एक गोष्ट त्यात नाही, ती आता लिहितो.

नोव्हेंबरात तुझी मोटर जळली होती. आठवतं? रिवाइंड करायला ती माझ्याकडे आली होती. मी वरती बोअर मोजत होतो ते दोन्ही दिवस तुझी मोटर माझ्या बाकावर पडलेली होती. तुझी विहीर बंद, म्हणून तुझ्या वाटणीचं पाणीही त्या बोअरला मिळालं, आणि मी ते त्याच्या खात्यावर मोजलं.

विसरलो होतो असं लिहिलं तर तू विश्वास ठेवशील. इतर कुणाच्या बाबतीत मीही ठेवला असता. पण त्यांच्या कुंपणापाशी उभं राहिलं की तुझ्या पंपाची घरघर आणि टाकीत पडणारी धार ऐकू येते. मला तर नक्कीच येते. त्या दिवशी मी दोरी सोडली आणि खालून काहीच आवाज आला नाही. ती शांतता मी ऐकली, ताई. कशाची आहे तेही मला कळलं. आणि मी पुढची गाठ मोजली.

अजून आहे. त्या आठवड्यात सोमवारी तू दुकानात फोन केला होतास, मोटर झाली का म्हणून. मी म्हणालो, "नव्या तारेवरचं वॉर्निश वाळतंय गं." वॉर्निश रविवारीच वाळलं होतं. चाचणी मंगळवार-बुधवारची होती. मोटर मी गुरुवारी पाठवली. मुद्दाम ठेवली असं म्हणवत नाही. मुद्दाम नव्हती असंही म्हणवत नाही. बर्फवाल्यांचं काम माझ्या आयुष्यातलं पहिलं मोठं काम होतं. जळक्या मोटरींची तार सोलणाऱ्या पोराला कारखान्याच्या फाटकातून "या साहेब" म्हणून आत घेतलं होतं. त्यांना मोठा पंप हवा होता आणि मला नाही म्हणायचं नव्हतं. त्या दोन दिवसांत तू शेजारच्या नळावरून बादल्या वाहून रोपं जगवलीस आणि तुझा खांदा आखडला. मी तुला मलम पाठवलं होतं.

विहीर दमलेली नाही. तिला मी दमवलं.

आता बर्फवाल्यांकडे निघतो. तू फक्त मशीन थांबव. मला शिव्या देणं नंतरही करता येईल, भोक बुजवणं नाही.

धाकटा

रविवार, १३ एप्रिल

ताई,

मिस्त्री सांगत होता, तू पत्र उभ्यानेच वाचलंस, घडी घातलीस आणि म्हणालीस, "वाचलं म्हणावं." त्याने धीर करून मशीनचं विचारलं, तर म्हणालीस, "ते माझं मी बघेन." तेव्हा मशीन येणार की नाही हे मला या घडीलाही माहीत नाही. तरी काल काय झालं ते तुला कळायला हवं.

बर्फवाल्यांना सगळं सांगितलं, तुझ्या मोटरीसकट. त्यांनी विचारलं,

"तुम्हीच मोजलं, तुम्हीच बसवला, आता तुम्हीच काढा म्हणता?"

"हो."

"बहिणीने दम दिलेला दिसतोय."

"तिने अजून काहीच दिलं नाही. त्याचीच भीती आहे."

ते हसले, पण अर्धंच. "आणि माझ्या बर्फाचं काय? पाण्याऐवजी तुमची माफी गोठवू?"

मी म्हणालो, साहेब, तुमचाही पंप दुपारी हवा ओढतो, आत्ता फाटकातून येताना मी ऐकला. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्याची मोटर माझ्या बाकावर येईल. पाच तासांत ओरबाडून घेता तेच पाणी तीनच्या पंपाने पंधरा तासांत सावकाश घ्या. टाकी मोठी बांधा. मधल्या वेळात झऱ्याला श्वास मिळेल, खालच्या विहिरीला तिची वाटणी मिळेल.

"आणि तोवर तुमच्या बहिणीने तळात भोक पाडलं तर?"

"तर तिचं पाणी जाईल. मागोमाग तुमचंही."

तेव्हा ते खुर्चीत बसले. इतका वेळ आम्ही दोघे उभेच होतो.

त्यांच्या दोन अटी आहेत. पहिली, मोजणी पुन्हा करायची, तुझा पंप आणि त्यांचा पंप एकाच वेळी चालू ठेवून. पण दोरी माझ्या हातात द्यायची नाही. दोरी धरणार माझ्या दुकानासमोरचा पंपांचा दुकानदार. ज्याला मी वीस वर्षं "डोळे मिटून मोजणारा" म्हणत आलो, तोच. काल संध्याकाळी त्याच्या दुकानाची पायरी चढलो. त्याने चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं आणि एकही टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं.

दुसरी अट, झालं ते सगळं दुकानाच्या कागदावर लिहून द्यायचं. दिलं. त्याची नक्कल सोबत आहे. तीत वॉर्निशचंही लिहिलंय. ती कुणाला दाखवायची, कुठे चिकटवायची, हे तुझ्यावर.

मी निघताना ते म्हणाले, "मशीनवाला माझ्या ओळखीचा आहे. एक फोन करतो, तो उद्या फिरकणारच नाही. तुमच्या बहिणीला वाटेल, मशीन बिघडलं." ताई, माझं तोंड "करा" म्हणायला उघडलं होतं. सोमवारचा सगळा घोर एका फोनवर मिटला असता, आणि तुला कधी कळलंही नसतं.

मी नको म्हणालो. तुझ्या विहिरीचं तुझ्या पाठीमागे एकदा ठरवून झालं आहे.

तेव्हा उद्या सातला मशीनवाला येईल, आणि समोरचा दुकानदारही दोरी घेऊन येईल. कुणाला आत घ्यायचं ते तू ठरव. मी म्हणतो म्हणून ठरवू नकोस. तुझे स्वतःचे आकडे तुझ्याकडे आहेत आणि ते माझ्यापेक्षा खरे आहेत. मी येणार नाही. आलो तर बोलेन, बोललो तर गोड बोलेन, आणि तू ऐकशील.

दुकान उद्या बंद ठेवतोय. फोनपाशी बसून असेन.

तुझा धाकटा
(अजून असलो तर)