नाकावरची दोन बोटं

प्रिय श्यामलाअक्का,

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, हुबळीला लेकाकडचं, उपेंद्रकडचं बाळंतपण आटोपलं, आता बंगळूरला परत येऊ का, आणि मी नुसतं 'बघू' म्हणाले. तुम्हीही 'बरं, बरं' अशा अर्थाचं तुमचं कानडी 'सरी, सरी' म्हणून फोन ठेवलात. त्या 'बघू'मागे काय होतं ते बोलून दाखवणं मला जमलं नसतं, म्हणून लिहायला बसले आहे. राग आला तरी शेवटपर्यंत वाचा.

मला तुमचा हेवा वाटतो. आजचा नाही, पहिल्यापासूनचा. संहिताला ऐकू येत नाही हे कळलं तेव्हा मी कंबर कसली. दर रविवारी के. आर. पुरमहून मेट्रोने खुणांच्या भाषेच्या वर्गाला जायचं, आठवडाभर व्हिडिओ लावून बोटं वळवायची. तुमचा भाऊ अवधूत कंटाळला, मी नाही. आणि तुम्ही? वर्गाची पायरीसुद्धा चढला नाहीत. तिला ओट्यावर बसवून तुमचं आपलं चालायचं, बोटाचं टोक दाखवून स्वल्प तूप, स्वल्प साखर. आणि पोरगी गप्पा मारायची ती तुमच्याशीच! मी ऑफिसातून येऊन दारात उभी, तुम्ही दोघी हातवारे करून हसताय, आणि कशाला हसताय ते मला कळत नाही. आई मी, भाषा शिकले मी, आणि विनोद तुमचे. अंगाचा तिळपापड व्हायचा माझ्या.

वर्गातल्या वीणाताईंना स्वतःला ऐकू येत नाही. त्यांनी समजावलं की या वयाची मुलं मनाच्या खुणा करतातच, करू द्या, शिकवलेल्याही येतील मागाहून. त्यांच्यात माणसाचं नावही खुणेचंच असतं, त्याच्या एखाद्या सवयीवरून पडलेलं. ते मागायचं नसतं, दुसऱ्याने द्यायचं. झालं, आमच्या चार वर्षांच्या बाईंनी बारशांचा धडाकाच लावला. अवधूत म्हणजे दाढी खाजवणं. रिक्षावाले देवाप्पा म्हणजे मान वाकडी करून खांद्याशी फोन दाबणं. तुम्ही म्हणजे डोक्यामागे हात नेऊन अबोलीचा गजरा चाचपणं. खालच्या मजल्यावरच्या कुत्र्यालासुद्धा नाव मिळालं. मला नाही. माझ्या वाट्याला वर्गात शिकवलेली 'आई'ची खूण, तीही मी आधी करून दाखवली तर. खोटं कशाला सांगू, त्या कुत्र्याचाही हेवा वाटला मला.

तुम्ही हुबळीला गेलात तेव्हा मला मनातून बरं वाटलं. म्हटलं, आता माझ्याशी बोलेल. ती रोज संध्याकाळी दाराकडे बघून गजरा चाचपायची आणि मी तिला उचलून गॅलरीत न्यायची. त्यात तिची आणखी एक खूण असायची, नाकाची. डोळे मिटायचे आणि दोन बोटांच्या चिमटीत नाकाचा दांडा धरायचा. मला वाटलं, नाक दुखतंय. मी तिचा हात धरून 'नाक'ची बरोबर खूण करवून घ्यायची, ती जोरजोरात 'नाही' अशी मान हलवायची. डॉक्टरांना काही सापडलं नाही, तरी मी हट्टाने थेंब लिहून घेतले. रोज झोपताना तिला मांडीवर आडवी करून नाकात थेंब घालायचे. ती रडत रडत पुन्हा तीच खूण करायची, आणि मी म्हणायचे, बघा, अजून दुखतंय.

गेल्या रविवारी वीणाताईंनी मुलांना घरच्या माणसांची नावं विचारली. संहिताने गजरा केला, दाढी केली, देवाप्पांचा फोन केला. माझं लक्ष कुठे होतं! मी मागे भिंतीला टेकून, चष्मा काढून, डोळे मिटून नाकाचा दांडा दाबत बसले होते, ऑफिसातून आल्यावर चपला काढता काढता रोज करते तशी. डोळे उघडले तर वर्गातली सगळी पोरं नाक चिमटीत धरून माझ्याकडे बघताहेत, आणि संहिताचं बोट माझ्यावर रोखलेलं.

अक्का, ती मला हाक मारत होती आणि मी तिच्या नाकात थेंब घालत होते. घरी आल्यावर बाटली फेकली आणि बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडले. तुम्हाला हे नाव ठाऊक होतं का? असणारच, तुम्हाला तिचं सगळं कळतं. म्हणजे हेवा गेलेला नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. पण काल संध्याकाळी ती पुन्हा दाराकडे बघून गजरा चाचपायला लागली, तेव्हा मी तिला गॅलरीत नेलं नाही. तिच्या शेजारी बसून मीही गजरा चाचपला आणि 'येणार' अशी खूण केली. पोरीला शब्द दिलाय मी. तेव्हा या. आम्ही दोघी स्टेशनवर घ्यायला येऊ. फक्त गाडीतून उतरल्यावर, तिच्या देखत, मला आश्लेषा म्हणू नका. नाक धरून हाक मारा.

तुमचीच, अजूनही हेवेखोर,
आश्लेषा